पंधरावरचा काटा

"आजोबांना असं भर उन्हात ठेवतात का? जरा सावलीत घ्या की त्यांना," मी शेडमधूनच ओरडले.

वर्कशॉपच्या दारात एक व्हीलचेअर उभी होती आणि तिच्यात कुणीतरी डोक्यावरून ब्लँकेट घेऊन बसलं होतं. मागे एक उंच, शिडशिडीत माणूस. घामानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं, ब्लँकेटकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आजोबा सतरा वर्षांचे आहेत. त्यांना गळती आहे का, तेवढं बघायचं होतं."

ब्लँकेट ओढलं तर आत आउटड्राइव्ह. बोटीच्या मागे बाहेरून लटकणारं ते धातूचं धूड – इंजिनाची ताकद खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारं – ते चक्क पोटाला पट्टा बांधून खुर्चीत बसवलेलं. दुसरं कुणी असतं तर हसून हसून पडलं असतं. मी हसले नाही. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मला हसायची सवयच राहिली नव्हती.

"सेकंडहँड?" मी विचारलं.

"थर्डहँड असेल. भंगारवाला म्हणाला, एकदम नव्यासारखं आहे."

"भंगारवाल्याला विचारलंत तर त्याच्याकडचा गंजसुद्धा नवाच असतो."

"म्हणून तर इथे आलो. मिस्त्री कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर आहेत."

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला आणि मला नीट बघितलं. "माफ करा, मिस्त्रीबाई. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि समोरचं माणूस मलाच दिसत नाही. काय म्हणावं आता."

तर असा आला चष्मेवाला आमच्याकडे. व्हीलचेअर त्याच्या वडिलांची, आप्पांची होती. आप्पांनी चाळीस वर्षं या पाण्यात लाँच चालवली होती. त्यांची स्वतःची एक लहानशी बोट धक्क्याला बांधलेली होती, तिचा ड्राइव्ह दोन वर्षांपूर्वी खलास झालेला. आता त्यांना एकदाच, एकदाच तिच्यात बसून दीपगृहापर्यंत जाऊन यायचं होतं. अंथरुणातून उठणं बंद झालं होतं, म्हणून त्यांनीच खुर्ची दिली होती. म्हणाले होते, "माझ्या खुर्चीतून ड्राइव्ह घेऊन जा, ठणठणीत करून त्याच खुर्चीतून आण. मग मला बसव." चष्मेवाला एरवी मोठ्या शहरात नोकरीला. बापासाठी परत आला होता आणि बाजारात एक गाळा भाड्यानं घेऊन बसला होता.

आमच्याकडे एक नियम आहे. बाबांनी घातलेला. जुना ड्राइव्ह आला की आधी ऑइल काढायचं, मग ऑइलच्या भोकाला टेस्टर लावून आत पंधरा पौंड हवा भरायची आणि एक तास बघत बसायचं. गेजचा काटा पंधरावरून हलला, म्हणजे कुठलं तरी सील – दांड्याभोवतीची रबरी कडी – गळतंय. हवा बाहेर येते तिथून पाणी आत जाणार. असा ड्राइव्ह आमच्या दाराबाहेर जात नाही. बाकीचे कारागीर एखाद-दीड पौंड "चालतंय" म्हणून सोडून देतात. बाबा म्हणतात, पाण्याला आत यायला वाट लागत नाही, निमित्त लागतं.

टेस्टर बाबांनी तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं बनवलेला. हातपंप, रबरी नळी, पितळेचा जोड आणि गेज. मनगटांतली ताकद गेल्यापासून बाबा पाना धरत नाहीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मला सूचना करतात. पण टेस्टरला त्यांच्याशिवाय कुणी बोट लावलेलं त्यांना आजही खपत नाही. तो लावायचा त्यांनीच.

पहिल्या दिवशी साबणाचं पाणी फवारल्याबरोबर पंख्याच्या शाफ्टपाशी बुडबुड्यांचा फेस आला. सील गेलेलं होतं. माझ्याकडे तसलं एक होतं, ते दुसऱ्या दिवशी बसवलं. परत हवा भरली, परत बसलो. काटा सावकाश चौदावर आला. मग तेरावर. फवारा मारमारून हात दुखले, पण बुडबुडा कुठेच नाही.

चष्मेवाल्यानं खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, जमिनीवर गुडघे टेकले आणि एकेक सील तपासलं. बराच वेळ. मग उठला, दोन पावलं मागे गेला आणि आउटड्राइव्हला म्हणाला, "आजोबा, खालची ओळ वाचा बघू."

माझ्या हातातला पाना पडला. मी हसले. अशी हसले की पोट धरून बाकावर बसावं लागलं, डोळ्यांतून पाणी. बाबा कोपऱ्यातून बघत होते. ते टेस्टरपाशी यायला उठले होते, ते तसेच परत स्टुलावर बसले. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

मी म्हटलं, "गिअरच्या दांड्याचं सील असणार. बारीक गळतं, दिसत नाही. मागवावं लागेल. आठ-नऊ दिवस."

"नऊ दिवस..." तो म्हणाला. "मग मी अधूनमधून आजोबांना बघायला आलो तर चालेल?"

"व्हिजिटिंग अवर्स चार ते सहा," मी म्हटलं. आणि मला स्वतःलाच नवल वाटलं, की हे मी बोलतेय.

*

तो रोज यायचा. चारला दुकानावर "येतोच" अशी पाटी लावायचा आणि यायचा. गाळणी धुऊन द्यायचा, चहा आणायचा, माझ्या पान्यांची नावं मुद्दाम चुकवायचा. पावसाची भुरभुर असली की पत्र्यावर बारीक आवाज यायचा आणि आम्ही दोघं आउटड्राइव्हच्या दोन बाजूंना बसून काहीतरी पुसत राहायचो. पुसायला काही नसायचं. मला सांगायला लाज वाटते, पण मी साडेतीनला साबणानं हात धुवायला लागले होते. ऑइलमध्ये काम करणारी बाई काम चालू असताना हात धुते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

दांड्याचं सील आलं. बसवलं. तासाभरात काटा तेरा.

"आता वरच्या शाफ्टचं राहिलं," मी म्हटलं. "आणखी दहा दिवस."

खरं सांगते, काटा खाली आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. दहा दिवस, म्हणजे दहा संध्याकाळी. माझ्या मनात हे आलं आणि मी ते कुणाला बोलले नाही.

त्याच दिवशी तो म्हणाला, "तुम्ही काटा वाचताना मान मागे नेता."

"सवय आहे."

"सवय नाही, नंबर आहे. जवळचं दिसत नाही तुम्हाला, मिस्त्रीबाई."

"मला सगळं दिसतं."

"हो? मग सांगा, मी इथे रोज का येतो?"

मी पाना उचलला. कुठला उचलला ते आठवत नाही. "ड्राइव्हसाठी," मी म्हटलं.

"बघा. म्हणतो ना, जवळचं दिसत नाही."

मग त्यानं खिशातून लहान पट्टी काढली, माझ्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायला. "माझ्या नाकाकडे बघा. हलू नका." त्याची बोटं माझ्या कपाळाला टेकली होती, गार होती. दिवसभर लोकांचे डोळे मोजणारा माणूस, तरी आकडा त्यानं तीनदा मोजला.

पट्टी खिशात ठेवताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "एक सांगू? डॉक्टर म्हणालेत, आप्पांचा महिनाभर धरून चाला. त्यातला अर्धा गेला. कुणाला बोलू नका. लोक भेटायला येतात आणि आधीच रडवेली तोंडं करून बसतात, ते त्यांना आवडत नाही."

मी नाही बोलले. बाबांनासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना भेटायला गेले. खिडकीशी खाट, खिडकीतून पाण्याची एक पट्टी दिसत होती. अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं, पण जीभ शाबूत होती.

"तूच का माझी खुर्ची अडकवून ठेवणारी?"

"मीच. सील नाही आलं अजून, आप्पा."

"आमचा हा रोज सांगतो, आज काटा एवढा होता, आज तेवढा होता. मला विचारशील तर काट्यापेक्षा तुझंच जास्त सांगतो." चष्मेवाल्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे कान लाल झाले होते. मग आप्पांनी माझा हात धरला. हात हलका लागला. "धरेल ना गं सील?"

"धरेल, आप्पा."

"मग मीही धरतो तोवर," आप्पा म्हणाले.

*

वरच्या शाफ्टचं सील आलं त्याच दिवशी माझा चष्माही तयार झाला. बारीक काळी फ्रेम. त्यानं स्वतः माझ्या कानामागे काड्या बसवल्या आणि म्हणाला, "आता कसं दिसतंय?"

त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. महिनाभर मी तो बघितलाच नव्हता. "बरं दिसतंय," मी म्हटलं.

"फ्रेम की मी?"

"फ्रेम."

तो हसत हसत गेला. आप्पांना जरा ताप आहे, म्हणाला, उद्या कदाचित यायला उशीर होईल.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सील बसवून ठेवलं होतं. बाबांनी टेस्टर लावला, मी हवा भरली. पंधरा. अर्ध्या तासानं चौदा. आता बदलायला एकही सील उरलं नव्हतं. मी चिडले आणि रागारागानं सगळ्यावर साबणाचं पाणी मारत सुटले, ड्राइव्हवर, बाकावर, नळीवर. आणि चष्मा डोळ्यांवर होता म्हणून दिसलं. पितळी जोडाच्या खाली, टेस्टरच्याच जोडाच्या, मोहरीएवढा बुडबुडा. फुगला, फुटला. परत फुगला.

जोड उघडला. आतला वायसर चिरलेला. ड्रॉवरमधून नवा घेतला, घातला, हवा भरली. काटा पंधरावर. तासानंही पंधरावर. पहिलं सील बदलल्यापासून ड्राइव्ह ठणठणीत होता. गळत होता तो आमचा टेस्टर.

"बाबा," मी हसत म्हटलं, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. महिनाभर आपल्याच नळीतून हवा जात होती." बाबा हसले नाहीत. मला वाटलं, स्वतःच्या हातच्या वस्तूचा दोष निघाला म्हणून लागलं असेल.

मी तशीच बाजारात पळाले. काय सांगायचं, कसं सांगायचं, तो किती चिडवेल... सगळं वाटेत ठरवलं. गाळ्याचं शटर बंद होतं. "येतोच"च्या पाटीवर कागद चिकटवला होता. चष्मेवाल्याचं सुबक अक्षर. वडिलांचं निधन झाल्यामुळे दुकान बंद राहील.

परत आले तेव्हा बाबा स्टुलावरच होते. मी सांगितलं. आप्पा गेले, परवाच गेले. डॉक्टरांनी महिनाच सांगितला होता, हेही सांगितलं. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"महिना? मला कुठे माहीत होतं हे... म्हातारा माणूस आहे, आजारी आहे, एवढंच ठाऊक होतं."

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलू नको म्हणाला होता. पण तुम्हाला कळून तरी काय झालं असतं?"

बाबा आपल्या मनगटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वायसर चिरलाय हे मी दुसऱ्याच दिवशी बघितलं होतं. बदलायला उठलो, आणि तू हसलीस. तीन वर्षांनी. तुझी आई असताना हसायचीस तशी. म्हटलं, राहू दे आठ दिवस. बोट कुठे पळून जातेय? मग आठाचे..."

मला बाबांचा इतका राग आला की त्यांच्याकडे बघवेना. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला माझा आला. जी बाई प्रत्येक सील दहादा तपासते, तिनं टेस्टर एकदाही तपासला नाही. टेस्टर बाबांचा आहे, हे कारण खरं होतं. काटा खाली आलेला मला हवा होता, हेही खरं होतं.

*

आठव्या दिवशी, चार वाजता, चष्मेवाला आला. दाढी वाढलेली. व्हीलचेअर भिंतीशी उभी होती, तिच्याकडे त्यानं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"शेवटी शेवटी विचारत होते," तो म्हणाला, "काटा किती आहे. मी सांगितलं, पंधरा. खोटंच सांगितलं. म्हणाले, मग खुर्ची आण. मी म्हटलं, उद्या." मग त्यानं खुर्चीकडे पाठ केली. "मी इथेच राहायचं ठरवतोय. नोकरीवर परत जायचं नाही. म्हणजे... तुम्ही हो म्हणालात तर. हे दिवस फार वाईट होते. पण त्यातल्या चार ते सहा या वेळेसाठी मी कुठल्याही दिवसाची तक्रार करणार नाही."

हेच मला ऐकायचं होतं. कितीतरी दिवस. आणि हो म्हणायला तोंड उघडलं असतं तर पुढचा सगळा जन्म त्या मोहरीएवढ्या बुडबुड्यावर बसून काढावा लागला असता.

"आधी ऐका," मी म्हटलं. "ड्राइव्ह दुसऱ्या दिवशीच बरा झाला होता. गळत होता आमचा टेस्टर. मला तुम्ही गेल्यावर... आप्पा गेल्यावर कळलं. चूक माझी आहे. मी टेस्टर बघितलाच नाही. खरं सांगू, काटा खाली आला की मला बरं वाटायचं. तुम्ही उद्या परत येणार म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. पत्र्यावर पाऊस पडत होता.

"चूक तिची नाही," कोपऱ्यातून बाबा म्हणाले. ते उठून आले, त्याच्यासमोर उभे राहिले. "तिला माहीत नव्हतं. मला होतं, पहिल्यापासून. मी गप्प बसलो. हिला हसताना बघायचं होतं मला."

मग चष्मेवाला बोलला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला तुमच्या मुलीला हसताना बघायचं होतं. मला माझ्या बापाला. तुमचं बघून झालं."

बाबांनी हात जोडले. त्यानं ते हात धरून खाली केले, नीट, सांभाळून, आणि ड्राइव्हकडे गेला. त्यानं आणि मी मिळून तो उचलून खुर्चीत ठेवला. मी पट्टा बांधला, ब्लँकेट घातलं. दारापर्यंत मी सोबत गेले.

"मला तुझा राग नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच "तुझा" म्हणाला. "पण तुझ्याकडे बघितलं की मी दिवस मोजणार. आज मोजणार नाही, वर्षानं मोजीन. भांडण झालं की मोजीन. तसं नको व्हायला आपलं."

"मी थांबेन," मी म्हटलं.

"थांब असं मी म्हणणार नाही."

"तुम्ही म्हणू नका. मी थांबेन."

त्यानं हात उचलला, माझ्या नाकावरून घसरलेला चष्मा बोटानं वर केला, आणि खुर्ची ढकलत भुरभुरत्या पावसात निघून गेला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, मुलगा बापाला घेऊन चाललाय.

*

ड्राइव्ह त्यानं धक्क्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडून बोटीला जोडून घेतला. एका सकाळी ती धक्क्याला नव्हती. गाळ्यात आता चपलांचं दुकान आहे. बाबा महिनाभर माझ्याशी चाचरत बोलायचे. मग एक दिवस मीच त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी बसले. बाप आहे तो माझा, टाकून कुठे देऊ? पण टेस्टर आता मी लावते.

आमच्याकडे आणखी एक नियम आहे. ड्राइव्ह दहा तास चालला की गिऱ्हाइकानं आतलं थोडं ऑइल बाटलीत काढून दाखवायला आणायचं. पाणी गेलं असेल तर ऑइल दुधाळ होतं, नाही तर तसंच राहतं. पहिल्या दिवशी मी त्यालाही हे सांगितलं होतं.

दोन महिन्यांनी लाँचवरच्या तिकीटवाल्यानं एक लहान बाटली आणून दिली. लेन्स धुवायचं पाणी येतं तसली. तिच्याभोवती कागद गुंडाळलेला होता, सुबक अक्षरात लिहिलेला.

"दहा तास झाले. दीपगृहापर्यंत जाऊन आलो. पुढच्या सीटच्या जागी आप्पांची खुर्ची बांधली होती. नियम तुझा आहे, म्हणून तुला पाठवतोय."

पत्ता नव्हता. मी चष्मा लावला आणि बाटली दारातल्या उजेडात धरली. ऑइल स्वच्छ होतं, तळापर्यंत आरपार दिसत होतं. मग दिसेनासं झालं, म्हणून चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"काय म्हणतोय?" बाबांनी स्टुलावरून हळूच विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "सील धरलंय."